तोंडापुढचा मोजा

मी मोजा बोलतोय. हो, पायातलाच. नायलॉनचा, पातळ, गुडघ्याच्या वर जाणारा, अंगाच्या रंगाचा. आता मात्र मी एका गोल लाकडी रिंगेवर ताणून बसवलेला आहे आणि माइक आणि गाणाऱ्याचं तोंड यांच्या बरोबर मध्ये उभा असतो. पायीची वहाण पायीच बरी, असं ज्यानं म्हटलं त्यानं मला पाहिलेलं नसावं. किंवा पाहूनच म्हटलं असेल.

माझं काम आधी सांगतो, म्हणजे पुढं घोटाळा नको. तळहात तोंडासमोर धरा आणि 'पाणी' म्हणा. 'पा' म्हणताना हातावर वाऱ्याचा फटका बसला ना? 'फ'ला आणि 'भ'ला तर जास्तच बसतो. तो फटका माइकवर आदळला की रेकॉर्डिंगमध्ये 'धप्' असा आवाज येतो, कुणी उशी आपटल्यासारखा. तो वारा मी अंगावर घेतो आणि आवाज तेवढा पुढं सोडतो. थोडक्यात, लोकांचं गाणं पलीकडे जातं आणि थुंकी माझ्याकडे राहते.

मला 'पॉप फिल्टर' म्हणतात. पॉप म्हणजे पॉप संगीत, आणि ते गाळून-निवडून जगाला देणारा मी, अशी माझी पहिली चार वर्षं समजूत होती. काय रुबाबात उभा असायचो. मग एकदा एका नवख्या गायकाला दादांनी सांगितलं, "पॉप म्हणजे तो 'धप्' आवाज हो. तो अडवायला हा मोजा." त्या दिवशी मी रिंगेवर जरा सैलच पडलो.

दादा म्हणजे रेकॉर्डिंग करणारे. हा स्टुडिओ त्यांचा. आणि मी त्यांच्या बायकोचा. वहिनी हॉटेलच्या स्वागतकक्षात नोकरीला होत्या आणि तिथल्या गणवेशात आम्ही दोघे भाऊ होतो, डावा आणि उजवा. एका सकाळी खुर्चीच्या खिळ्यात माझा धागा अडकला आणि टाचेपासून पोटरीपर्यंत उसवत गेला. वहिनींनी मला कचऱ्याच्या डब्यावर धरलं, तेवढ्यात दादा म्हणाले, "टाकू नकोस, मला दे."

"एकच मोजा घेऊन काय करणार? तोंडावर ओढून दरोडा घालणार?"

"तोंडावर नाही. तोंडासमोर," दादा म्हणाले.

दुकानात मिळणारं माझ्यासारखं यंत्र त्यांना तेव्हा परवडणारं नव्हतं. म्हणून त्यांनी आपल्या आईची भरतकामाची रिंग घेतली, उसवलेला भाग बाजूला ठेवून मला ताणून बसवलं आणि वाकवलेल्या तारेनं स्टँडला बांधलं. आमचा उजवा स्वयंपाकघरात कांदे भरून टांगला गेला. पुष्कळदा वाटतं, त्याचंच बरं झालं. कांद्यांना निदान आपण कलाकार आहोत असं वाटत नाही.

स्टुडिओ पहिल्या मजल्यावर, एका दातांच्या दवाखान्याच्या डोक्यावर. भिंतींना जुन्या गोधड्या ठोकलेल्या, दाराच्या फटीत फोम कोंबलेला. तरी खालचं दात कोरायचं मशीन सुरू झालं की त्याची शिट्टी जमिनीतून वर यायची. मग गाणं थांबायचं. प्रेमगीत अगदी रंगात आलेलं असायचं आणि खालून कुणाची तरी दाढ. दादा जिना उतरून जायचे आणि नम्रपणे विचारायचे, "डॉक्टर, अजून किती दात?"

अशाच एका खेपेला त्यांना खालची ताई भेटली.

ती दवाखान्यात पुढच्या टेबलावर बसायची, आलेल्यांची नावं लिहायची, फोन घ्यायची. वर दिवसभर एकच ओळ चाळीस-चाळीस वेळा वाजायची आणि ती छतातून तिच्या टेबलावर झिरपायची. त्या दिवशी ती नाव लिहिता लिहिता तीच ओळ गुणगुणत होती. दादा दाराशीच थांबले. वर गायकाला सकाळपासून न जमलेली जागा खाली ही बाई सहज घेत होती, आणि तेही समोरच्याला "तोंड उघडून बसा, डॉक्टर बोलावतील" असं मध्ये सांगत.

"ताई, दुपारी वर याल का जरा?" दादांनी विचारलं.

दवाखाना एक ते चार बंद असायचा. ती डबा खाऊन वर आली आणि मग एकोणीस वर्षं येत राहिली.

तिचं काम काय, तर गाईड गायचं. संगीतकार चाल बांधतात. ती मोठ्या गायकांना कळावी म्हणून आधी कुणाच्या तरी आवाजात भरून ठेवतात, तेच गाईड. मोठा गायक येतो, ते कानात ऐकतो, त्यावरून गातो. मग गाईड पुसून टाकतात. इमारत उभी राहिली की परांची काढतात, तसं. परांचीवर कुणी नावाची पाटी लावत नाही. ताईनंही कधी मागितली नाही. पुसायचंच आहे म्हटल्यावर ती अगदी मोकळी गायची. माझ्या अनुभवानं सांगतो, जे ठेवायचंय ते गाताना माणसं फार घाबरतात.

तिची एक खोड होती. ओळ सुरू करण्याआधी ती बारीकसा श्वास घ्यायची आणि अगदी हळू 'हं' म्हणायची. कुणीतरी काही विचारलंय आणि आपण कबूल करतोय, तसं. हा 'हं' माझ्या अंगावर इतक्यांदा आला की मला तो झोपेतही ओळखू यावा. मला झोप नसते ही गोष्ट वेगळी.

त्या वर्षांत गाणं कसं बदललं, ते मी अगदी नाकासमोर पाहिलं. सुरुवातीला वाजवणारे आणि गाणारा एकदम बसायचे. एकाचं चुकलं की सगळे पुन्हा. त्यामुळे सगळे एकमेकांवर चिडलेले असायचे, पण एकमेकांना ऐकायचेही. मग कॉम्प्युटर आला. आता आज ढोलक, उद्या बासरी, परवा गायक. कुणी कुणाला भेटायचंच नाही. गायक ओळ-ओळ गाऊ लागले, मग अर्धी ओळ, मग शब्द. एका गायकाला मी 'तुझ्या' सोमवारी आणि 'डोळ्यांत' गुरुवारी गाताना ऐकलंय. मधले तीन दिवस बिचारीचे डोळे कुठं होते, कोण जाणे.

पुढं सूर सरळ करणारा प्रोग्राम आला. पडद्यावर आवाजाची रेघ दिसायची, दादा ती बोटानं धरून वर-खाली करायचे आणि बेसूर माणूस सुरेल व्हायचा. मग फोनचे दिवस आले. "पहिल्या पाच सेकंदांत माणूस पकडा," संगीतकार म्हणू लागले, "नाहीतर तो पुढं जातो." गाण्यांच्या सुरुवातीचं वाजवणं गेलं. कडवी तीनाची दोन झाली. मी तर या सगळ्याचा साक्षीदार म्हणून स्वतःला फार महत्त्वाचा समजत होतो. साक्ष कुणी विचारली नाही.

आता त्या गाण्याकडे येतो.

संगीतकारांनी एका सिनेमासाठी चाल बांधली होती. हे गृहस्थ आमच्याकडचे जुने, सगळे त्यांना 'सर' म्हणायचे. गाणार होत्या मोठ्या बाई. त्यांचं नाव सांगायची गरज नाही, तुमच्या डोक्यात आल्या त्या या नव्हेतच. ताईनं गाईड भरलं. बाई आल्या, दोन दुपारी गायल्या आणि तिसऱ्या दुपारी दौऱ्यावर निघून गेल्या. त्या गेल्यावर दादांच्या लक्षात आलं की दुसऱ्या कडव्याची पहिली ओळ नीट आलेलीच नाही. 'पायरीवरती थांबले मी, पुढं नाही गेले'. दोन 'प', एका ओळीत. बाई गाताना माझ्या इतक्या जवळ आल्या होत्या की तो वारा मला अडवता आला नाही. दोन्हीकडे 'धप्', 'धप्'. म्हणजे चूक कुणाची, ते तुम्हीच ठरवा. मी गेली दहा वर्षं ती बाईंवर ढकलतोय.

बाई महिनाभर येणार नव्हत्या आणि गाणं चार दिवसांत द्यायचं होतं. सरांनी डोकं धरलं. दादांनी ताईच्या गाईडमधली ती ओळ उचलली आणि बाईंच्या गाण्यात बसवली. आधीचा 'हं' तेवढा कापला. सर, दादा आणि ताई, तिघांनी ऐकलं. सर म्हणाले, "कुणाला कळणार नाही."

ताई म्हणाली, "मला कळेल."

"तुम्हाला चालेल ना पण?"

"चालेल," ती म्हणाली आणि चार वाजले म्हणून खाली गेली.

गाणं गाजलं. गाजलं म्हणजे किती, तर दवाखान्यात दाढ काढून घेणारी माणसंसुद्धा बधिर तोंडानं तेच गुणगुणायची. ताई त्यांना औषधाची चिठ्ठी द्यायची आणि पुढचं नाव लिहायची.

त्यानंतर काही वर्षांनी सरांच्या लेकीनं त्यांच्या कामात हात घातला. पोरगी हुशार, कष्टाळू. एक दिवस तिनं दादांकडे जुनी सगळी गाईडं मागितली. दादांनी ती पुसलेली नव्हती. पुसायला त्यांचं बोट उचललं जायचं नाही. "बाबांच्या चाली एका जागी ठेवायच्यात, आणि थोडं कॉम्प्युटरलाही शिकवायचंय," ती म्हणाली. दादांनी डबीएवढी हार्ड डिस्क काढून दिली. काय शिकवायचंय ते विचारलं नाही.

त्या वर्षापासून ताईला बोलावणं कमी झालं, मग बंदच. आता गाईड कॉम्प्युटर गायचा. चाल घातली, शब्द घातले, की मिनिटात गाणं तयार. मी रिकामा उभा. आपल्या अंगावर कुणी थुंकत नाही याचं एखाद्याला वाईट वाटावं, हे मला आधी पटलं नसतं.

एका दुपारी लेकीनं पाठवलेलं असंच एक गाईड दादा तपासत होते. बाईचा गोड आवाज, कुणाचाच नाही असा. ओळ सुरू व्हायच्या आधी बारीकसा श्वास आला आणि त्यामागून 'हं'.

दादांनी मशीन थांबवलं. पुन्हा लावलं. मग ते जिना उतरून खाली गेले आणि ताईला घेऊन वर आले. तिला खुर्ची दिली, गाणं लावलं.

"ही कोण?" ताईनं विचारलं.

"कुणी नाही. मशीन आहे."

"'हं' माझा आहे."

"हो."

"पुन्हा लावा."

तिनं तीनदा ऐकलं. मग म्हणाली, "दादा, हिला श्वास घ्यावा लागतो का?"

"नाही."

"मग घेते कशाला?"

"तुम्ही घेता म्हणून."

ताई माझ्याकडे वळली. माझ्याकडे म्हणजे माइकच्या दिशेनं. "माझी गाणी तिला कुणी दिली?"

"मी दिली," दादा म्हणाले. "मी तुम्हाला विचारलं नाही. तिलाही विचारलं नाही कशाला हवीत."

ती उठली, चष्मा डबीत ठेवला आणि निघून गेली. दादांनी नंतर कितीतरी वेळ दिवा लावला नाही.

आणि मी? मला हळूहळू उमगलं की यात माझाही हात आहे. म्हणजे हात नाही, पाय. एकोणीस वर्षं ताईचा एकेक 'प' मी इतका स्वच्छ गाळून दिला होता की मशीनला शिकायला काही अडचणच आली नसावी. थोडे 'धप्' जाऊ दिले असते, तर ते कदाचित वैतागून दुसरीकडे गेलं असतं. आयुष्यात एक काम चोख केलं आणि ते असं.

अकरा दिवस ताई वर आली नाही. बाराव्या दिवशी दुपारी आली आणि म्हणाली, "सरांना आणि त्यांच्या मुलीला बोलवा. मला बोलायचंय."

ते आले. खोली लहान, चार माणसं आणि मी. सर आधीच सावध होते. "हे बघा," ते म्हणाले, "गाईडच ते. गाईडवर कधी कुणाचं नाव असतं का? आजवर कुणी मागितलंय?"

"नाही मागितलं," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. फोनवर वेळ देताना जसा असायचा तसाच होता. "पण सर, गाईड पुसतात म्हणून मी गात होते. तुम्ही पुसलं नाहीत, ठेवलंत, आणि त्यातून काम करून घेताय. मग ते गाईड कुठं राहिलं? ते माझं गाणं झालं."

सर माझ्या तारेशी चाळा करत बसले. माणसं अडचणीत आली की हाताशी येईल ती वस्तू पिरगाळतात, हे मी नेहमी पाहिलंय.

लेक मात्र लाल झाली होती. "मावशी, मला वाटलं, दादांनी तुम्हाला सांगितलं असेल," ती म्हणाली. "ज्या कंपनीच्या मशीनला मी ती गाईडं दिली, तिला आजच लिहिते. काढून टाकायला सांगते."

तिनं खरंच लिहिलं. आठवड्यानं उत्तर आलं, फार अदबीचं. त्याचा अर्थ एवढाच होता, की मशीन एकदा शिकलं की त्याला विसरायला लावता येत नाही. लेकीनं ते वाचून दाखवलं, तेव्हा ताई म्हणाली, "आमच्या डॉक्टरांकडे या म्हणावं. काढलेला दात परत बसत नाही हे ते आधी सांगतात, मग काढतात."

मग तिनं दोनच गोष्टी मागितल्या. एक, सरांच्या कामात तो मशीनचा आवाज पुन्हा वापरायचा नाही. दुसरी, त्या गाजलेल्या गाण्यात आपली ओळ आहे, हे लिहायचं.

पहिलीला सर लगेच हो म्हणाले. दुसरीला त्यांना घाम फुटला. "मोठ्या बाई काय म्हणतील? त्या पुन्हा माझ्याकडे गाणार नाहीत."

"नाही गाणार कदाचित," ताई म्हणाली.

सरांनी तीन आठवडे घेतले. शेवटी लेकीनंच इंटरनेटवर त्या गाण्याखाली ताईचं पूर्ण नाव लिहिलं आणि पुढं लिहिलं: 'यातली एक ओळ यांच्या आवाजात आहे.' कुठली ते लिहिलं नाही, सरांनी तेवढी दया मागितली होती.

मग जी मजा झाली ती विचारू नका. लोक ओळ शोधायला लागले. प्रत्येकाला वेगळी सापडली. एकानं आलेख काढून, मापं घेऊन सिद्ध केलं की धृपदाची दुसरी ओळ बाईंची असूच शकत नाही. ती बाईंचीच होती, माझ्या समोर गायलेली. आणखी एकानं लिहिलं, "पायरीची ओळ सोडून काहीही असू शकेल, ती फक्त बाईच गाऊ शकतात." दादा हे ताईला वाचून दाखवायचे आणि ती हसून हसून डोळे पुसायची. पण सरांचा फोन गप्प होता. बाईंकडून काहीच येईना, आणि आम्ही सगळे ते काहीतरी यायची वाट बघत होतो.

एका सकाळी ते आलं, पण सरांकडे नाही. खाली दवाखान्यात. ताईनं वर येऊन सगळं सांगितलं, म्हणून मला माहीत.

तिनं नेहमीसारखा फोन उचलला. "नमस्कार, दवाखाना. कुठला दात?"

"दात नाही. पायरी," पलीकडून आवाज आला. "ती पायरीची ओळ तुमची ना?"

ताईच्या हातातलं पेन थांबलं. आता बोलणी खायची, असं तिला वाटलं. "हो," ती म्हणाली.

"मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. स्वतःचा आवाज ओळखू येणार नाही का मला?" मोठ्या बाई म्हणाल्या. "दहा वर्षं मी कार्यक्रमांत ते गाणं गाते. दर वेळी कुणीतरी येऊन सांगतं, सगळं छान झालं, पण ती पायरीची ओळ रेकॉर्डसारखी नाही आली. कशी येणार? रेकॉर्डमध्ये मी नाहीच. आणि हे सांगायचं तरी कुणाला?"

ताईनं पेन खाली ठेवलं. मागं कुणीतरी दाढ धरून बसलं होतं.

"शिकवाल का मला ती?" बाईंनी विचारलं.

ताई म्हणाली, "दुपारी एक ते चार या. तेव्हा मशीन बंद असतं."

आता दर मंगळवारी त्या येतात. डोळ्यांवर मोठा चष्मा लावून दवाखान्याच्या जिन्यानं येतात, म्हणजे कुणी पाहिलं तर दातासाठी आल्या असं वाटावं. रेकॉर्डिंग नसतं. माइक बंद. तरी दोघी माझ्यासमोरच उभ्या राहतात. गाणाऱ्यांना समोर काहीतरी लागतं. ताई ओळ म्हणते, बाई म्हणतात. "जवळ येऊ नका इतक्या," ताई सांगते, "ओळ थांबल्याची आहे, पुढं जायचंच नाहीये." बाई पुन्हा म्हणतात. परवा पहिल्यांदा नीट आली. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. बाई म्हणाल्या, "आता पुढची ओळ मी तुम्हाला शिकवते, ती तुमच्या गाईडमध्ये जरा कच्ची होती." आणि ताई चक्क रागावली. मग दोघी भांडल्या. मला फार बरं वाटलं. या खोलीत कुणी कुणाशी गाण्यावरून भांडलं, त्याला वर्षं झाली होती.

दादांनी माझ्या जागी चकचकीत धातूच्या जाळीचा नवा फिल्टर आणलाय. तो कपाटात आहे. ताई म्हणते, त्याच्यासमोर गाताना खिडकीच्या गजांशी बोलल्यासारखं वाटतं. तेवढ्यावर माझी नोकरी टिकून आहे. माझी वीण आता कडेनं ढिली झाली आहे, रंग कुठला होता ते वहिनींनाही सांगता येणार नाही. एवढ्या सगळ्या गाण्यांत माझा एकही सूर नाही, आणि ते गाण्यांच्या भल्याचंच झालं.

आता एकच मागणं आहे, ते फार मोठं नाही. तुमच्यापैकी कुणी कधी अशा एखाद्या खोलीत गाणं भरायला गेलात आणि समोर माझ्यासारखा कुणी ताणून बसवलेला दिसला, तर काम झाल्यावर त्याला उतरवून धुवा. इतक्या वर्षांत ते कुणाला सुचलेलं नाही. कोमट पाणी, साधा साबण, सावलीत वाळत घाला. आणि तेवढं पिळू नका. पिळणारे खूप भेटले.